सतरा पानं आणि एक डोंगर

आमच्या घरातल्या सगळ्यांची वजनं मला तोंडपाठ आहेत. आत्याचं ब्याऐंशी किलो, अण्णाचं चौऱ्याहत्तर, अप्पांचं जेमतेम पन्नास. ही माहिती मला कुणी हौसेनं दिलेली नाही. भांडून, शपथा घालून आणि एकदा तर देवाला मध्ये घालून मी ती मिळवली आहे. याला कारण एक ज्वालामुखी. तो आमच्या निर्णा गावापासून समुद्र ओलांडून हजारो किलोमीटर पलीकडे आहे आणि आत्याच्या वजनाशी त्याला काही देणंघेणं नाही. देणंघेणं मला होतं.

मी चिटगुप्प्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि तिथंच खोली घेऊन एकटी राहते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे पुष्कळ आहेत, त्यांत वाचकांची भर नको. चौतिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला नाव घातलं. माझे मार्गदर्शक सर माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत, त्यामुळे ते मला रागावताना आधी ‘मॅडम’ म्हणतात आणि मग रागावतात. आठ वर्षं झाली तरी प्रबंध पुरा होईना. विद्यापीठानं दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा देताना तिथल्या कारकुनानं माझ्याकडं असं पाहिलं की मीच ओशाळले. मार्चअखेर प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द आणि आठ वर्षं पाण्यात, असा सरळ हिशेब होता.

माझा विषय त्सुनामी. आमच्या घरातल्या निम्म्या माणसांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे या विषयाकडं सगळे आदरानं आणि संशयानं बघतात. बेटावरचा ज्वालामुखी वर्षानुवर्षं राख आणि दगड ओकून आपलाच डोंगर वाढवत बसतो. कधीतरी त्या डोंगराची एक बाजू सुटते आणि समुद्रात घसरते. पाणी उसळतं, किनाऱ्यावर लाट जाते. भूकंपाचा दणका बसला तर यंत्रं ओरडतात, भोंगे वाजतात, लोक टेकडीवर पळतात. डोंगर मात्र सावकाश घसरतो. दणक्याची वाट बघणारी यंत्रं गप्प राहतात आणि लाट न सांगता येते. पण घसरताना तो जमिनीला मागं रेटतो. बैलगाडीतलं जड पोतं एका बाजूनं ओढलं की गाडी कशी डुलते, तशी जमीन डुलते, आणि हा डोल फार लांबवर जातो. भूकंपमापकाच्या नोंदीत तो सापडला तर किती डोंगर घसरला, कुठल्या दिशेला आणि किती वेळात, ते सांगता येतं.

माझं म्हणणं एवढंच होतं की समुद्राच्या गलबल्यापासून दूर, काळ्या कातळावर बसवलेलं एकटं यंत्रसुद्धा हा डोल ओळखू शकेल. म्हणायला सोपं होतं. पण ते सिद्ध करायला एक खरा डोंगर खऱ्या समुद्रात पडायला हवा होता, आणि तोही माझ्या मुदतीच्या आत. अशी इच्छा धरणं बरं नव्हे हे मला कळत होतं, तरी मी धरत होते.

सरांच्या संस्थेनं यंत्र दिलं आणि अण्णानं जागा दिली. अण्णा माझा थोरला भाऊ. निर्ण्याची शेती बघतो आणि चिटगुप्प्याच्या बाजारात त्याचं तुरीचं अडत दुकान आहे. त्याच्या शेतात कातळ लागेपर्यंत खड्डा खणला, आत यंत्र बसवलं, वर सिमेंटची फरशी टाकली, शेजारी सौरपट्टी उभी केली. मोबाइलच्या सिमवरून सगळी नोंद माझ्या लॅपटॉपवर यायची. खणताना मी अण्णाला सांगितलं की हा कातळसुद्धा लाव्ह्याचाच आहे, फार पूर्वीचा.

“मग तिकडच्याचं कामून बघायलीस? घरचा हाय की.”

“हा थंड झालाय, अण्णा.”

“आमी बी थंडच हाव,” अण्णा म्हणाला. “आमच्याकडं तरी कोण बघायलंय.”

मी ते कानाआड केलं. मला त्या वेळी फरशीची पातळी बघायची होती.

गावानं यंत्राचं नाव ‘भूकंपाचं मशीन’ ठेवलं. किल्लारीच्या वेळी आमच्याकडचीही माणसं कितीतरी दिवस अंगणात झोपली होती, त्यामुळे हा प्रश्न कुणाला परका नव्हता. गिलावा करायच्या आधी, मुलीची सोयरीक ठरवायच्या आधी लोक मला विचारायचे, “येणार हाय का?” मी सांगायची की हे यंत्र पुढचं सांगत नाही, झालेलं सांगतं. हे ऐकून आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, थोरली बहीण, मोठ्यानं हसली. “झालेलं सांगायला मशीन कशाला? मी हाय की.”

मी घरच्यांना एकच अट घातली होती. यंत्रापासून पन्नास पावलांच्या आत कुणी यायचं नाही. शेळीसुद्धा नाही. अण्णानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या घरात मान डोलावणं म्हणजे ऐकू आलं असा अर्थ असतो, ऐकलं असा नाही. हे मी बेचाळीस वर्षं त्या घरची असून विसरले, हा माझाच दोष.

मग येळामावस्या आली. पंचांगात ती वेळ अमावस्या असते. त्या दिवशी आमच्या भागात घरात कुणी राहत नाही. सगळी माणसं शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडतात, त्यांची पूजा करतात. मग एकानं आंबिलीनं भरलेलं बिंदगं, म्हणजे मातीची लहान घागर, घ्यायचं, बाकीच्यांनी मागं धावायचं, “ओलगे ओलगे सालम पलगे” असं ओरडत पिकाभोवती आंबील शिंपडत पाच फेऱ्या घालायच्या. त्यानंतर भज्जी म्हणजे ओल्या दाण्यांची नि पालेभाज्यांची मिसळ, बाजरीचे उंडे, खीर, आंबट भात, अशी पंगत. मी त्या दिवशी चिटगुप्प्यातच राहते. गाव ओस पडतं, शेजारचा टीव्ही बंद असतो, दारावर कुणी येत नाही. काम करायला वर्षातला इतका चांगला दिवस दुसरा नाही.

आणि त्याच दिवशी दुपारी तो डोंगर घसरला.

बातमी मला दुसऱ्या दिवशी कळली. मी आमच्या शेतातली नोंद उघडली आणि आडव्या हालचालीच्या रेघेवर लांबच लांब संथ हेलकावा दिसला. मी खुर्चीवरून उठून खोलीतल्या खोलीत दोन चकरा मारल्या. सरांना कळवलं, “सापडला.” स्टाफरूममध्ये पेढे वाटले. तिकडं किनाऱ्यावर माणसं गेली होती आणि इकडं मी पेढे वाटत होते. ते आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. “मॅडम, डोंगर घसरल्याची वेळ जवळच्या ठाण्यांवरून पक्की झाली. तिथून डोल तुमच्या शेतात पोचायला जेवढा वेळ लागायला हवा, त्याच्या नऊ मिनिटं आधीच तुमच्याकडं तो सुरू झालाय. तुम्हाला डोंगरानं आधी कळवलं होतं का?”

मी पुन्हा नोंद उघडली. या वेळी संथ हेलकाव्याच्या आधीचा भाग बघितला. तिथं जलद थरथर होती. वाढत जायची, कमी व्हायची, पुन्हा वाढायची. मी मोजलं. पाच वेळा. चौथ्या वेळी मध्येच एक दणका होता. ही पाच उसळ्यांची चाल मला पायांतून ओळखू आली. लहानपणी मी त्या बिंदग्यामागं धावले होते. सरांना ती दहा जन्मांत ओळखता आली नसती.

मी पहिल्या बसनं निर्ण्याला गेले. शेतात कुंपणाचे काटे नीट लावलेले होते, जरा जास्तच नीट. यंत्रावरच्या फरशीवर चुन्याचे पाच गोल ठिपके होते. मी घरी आले. अण्णा, त्याची बायको म्हणजे माझी वहिनी, आणि अप्पा, असे तिघं ओसरीवर होते.

“येळामावस्येला कुठं बसला होतात?” मी विचारलं.

“दरसालचंच की,” वहिनी म्हणाली. “बोरीखाली.”

“यंत्राजवळ कुणी गेलं होतं?”

“छे छे, कुणी न्हाई,” अण्णा म्हणाला. “तू सांगितलंयस म्हनल्यावर कोण जातंय?”

“मग चौथ्या फेरीला कोण पडलं?”

अप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं. अप्पा जुन्या वळणाचे मास्तर, खोटं त्यांच्या तोंडात बसत नाही.

“तुझा अण्णा,” ते म्हणाले. “बिंदग्यासकट.”

“पण तुला कसं कळलं गं?” अण्णा हबकून म्हणाला. तोपर्यंत त्याला ते मशीन म्हणजे खड्ड्यातला डबा वाटत होता. त्या दिवसापासून तो त्याच्या आसपास शिवीसुद्धा देत नाही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दरवर्षी पांडव मांडायला जागा सपाट करावी लागते, पाणी मारून चोपावी लागते. यंदा शेतात आयती फरशी होती, तीही पूर्वेकडची. “इतकी सपाट जागा देवाला सोडून मशीनला द्यायची म्हंजे बरं दिसतंय का, ताई?” वहिनी म्हणाली. “आन् वरच मांडलाव. आत हात बी लावलाव न्हाई.” पंगतही तिथंच, फरशीभोवती बसली. संध्याकाळी काटे पुन्हा होते तसे लावले आणि मला सांगायचं नाही असं सगळ्यांचं ठरलं. इतक्या माणसांनी एक गुपित चार दिवस पाळलं, ही आमच्या घराण्याच्या इतिहासातली एकमेव घटना असेल.

मला त्या वेळी यातलं काहीच गमतीचं वाटलं नाही. मी नको ते बोलले. “तुमच्या आंबिलीनं माझी आठ वर्षं बुडवली,” असं म्हणाले. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. अण्णा चप्पल घालून बाहेर गेला. माझा राग असाच आहे, दुधासारखा उतू जातो आणि मग चूल मलाच पुसावी लागते.

मी सरांना खरं ते सांगितलं. मला वाटलं, फोन कट झाला. पण ते हसत होते. मग म्हणाले, “धावण्याचं काही नाही. ते जलद असतं, चाळून काढता येतं. अडचण पंगतीची आहे.” ते मलाही कळलं होतं. माणूस जमिनीवर बसला की त्याच्या भारानं जमीन केसभर कलते, आणि यंत्राला तो कल लांबच्या संथ डोलासारखाच दिसतो. माणूस जेवायला बसतो तेही हळू, डोंगर समुद्रात बसतो तेही हळू. चाळणीला दोघांतला फरक कळत नाही. पहिली नऊ मिनिटं माझे नातेवाईक होते. त्यानंतर नातेवाइकांच्या खाली कुठंतरी डोंगर होता, किंवा नव्हता.

“कोण कुठं बसलं, कधी बसलं आणि त्याचं वजन किती, हे कळलं तर तेवढं वजा करता येईल,” सर म्हणाले. “पण आता हे कोणाला आठवणार?”

सरांना आमचं घर माहीत नाही. आमच्याकडं पंगतीत कोण कुठं बसतं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. आत्या पांडवांच्या सर्वांत जवळ. तिच्यासमोर अप्पा. जावई पूर्वेला तोंड करून, आणि थोरल्या जावयाच्या आधी धाकटा जावई बसला तर पुढची दोन वर्षं ते ऐकून घ्यावं लागतं. बसण्याचा क्रमसुद्धा मानाचा, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. वहिनी तेवढी बसत नाही, ती वाढत फिरते, आणि फिरणारं माणूस बहुतेक चाळणीतून गळून जातं. बाकी सगळं पक्कं. अप्पांनी तर त्या दिवशी घड्याळ बघून ठेवलं होतं, आत्या बसली तेव्हा बाराला दहा कमी होते. आमच्या घरातले मानपान पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडले.

“एकूण किती पानं होती?” मी वहिनीला विचारलं. भांडणानंतर आठवडाभरानं आम्ही बोलत होतो. ती अजून माझ्याकडं न बघता बोलत होती.

“सतरा पानं मांडलाव,” ती म्हणाली. मी वहीत सतरा लिहिलं.

राहता राहिली वजनं. ती विचारून मिळतील असं मला वाटलं, हा माझा भाबडेपणा. वहिनीच्या हिशेबानं घरात पंचावन्न किलोच्या वर कुणीच नव्हतं. शेवटी अण्णाच मदतीला आला. मला वाटलं होतं तो महिनाभर बोलणार नाही. तो म्हणाला, “दुकानावर या सगळे. तुरीचा काटा हाय. तिथं कुनाचंच चालत न्हाई.” एका रविवारी आमचं अख्खं घर अडत दुकानात रांग लावून उभं राहिलं. हमालांना वाटलं काहीतरी सरकारी योजना आहे, त्यांतले दोघं रांगेत लागले.

आत्या काट्यावर चढेना. “मानसाला कोण तोलतंय गं? तोलायचं म्हंजे तुलाभार. देवापुढं. वजनाइतका गूळ घालून.”

“घालू,” मी म्हणाले. अडलेल्याला काय, कशालाही हो म्हणावं लागतं. ब्याऐंशी किलो गुळाचं वचन घेऊन आत्या काट्यावर चढली, आकडा बघितला आणि म्हणाली, “काटा खराब हाय.” अण्णाच्या धंद्याला एवढा मोठा कलंक कुणी लावला नव्हता. गूळ मात्र त्यानं दुसऱ्याच दिवशी देवाला पोचवला.

पण नुसती वजनं पुरेनात. कुठल्या जागेवरचा भार यंत्राला किती कलवतो, हे मोजायला सगळ्यांना पुन्हा त्याच जागी, त्याच क्रमानं बसवायला हवं होतं. मी सुचवलं, अर्धा तास येऊन बसा. आत्यानं सरळ नकार दिला. “रिकाम्या पानावर मेलेल्याच्या घरी बी बसवत न्हाईत.” म्हणजे स्वयंपाक आला. स्वयंपाक म्हणजे भज्जीच हवी, कारण दुसरं काही केलं तर जेवायला लागणारा वेळ बदलेल, हा मुद्दा अप्पांनी काढला. तो शास्त्रीय होता की त्यांना भज्जी हवी होती, ते कळलं नाही. वहिनी म्हणाली, दाणे जून झालेत, पण करीन. पांडव मात्र दोनदा मांडायचे नाहीत, यावर ती ठाम राहिली.

तर महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी भर दुपारी आमचं घर पुन्हा शेतात जेवायला बसलं. मी पन्नास पावलांवर बांधावर लॅपटॉप घेऊन उभी, आणि एकेकाला हाताच्या खुणेनं बसवत होते. दोघांमध्ये तीन मिनिटांचं अंतर ठेवायचं होतं. आत्या पहिली बसली. नववा माणूस बसेपर्यंत तिचं जेवण झालं.

“आत्या, उठू नका!” मी ओरडले.

“हात वाळायलाय गं!”

“वाळू द्या!”

“आठ साल शिकून हे शिकलीस व्हय? थोरल्या मानसाला खरकट्या हातानं बसवायचं?”

शेजारच्या शेतातली माणसं बांधावर येऊन बघायला लागली. एकानं मला विचारलं, कुणाच्या नावाचं जेवण आहे. मी म्हणाले, ज्वालामुखीच्या. त्यानं हात जोडले.

सोळा जण बसले. आत्याच्या उजव्या हाताचं पान मोकळं राहिलं. मी वही बघितली, पानं सतरा.

“तिथं कोण होतं?” मी ओरडून विचारलं.

वहिनी अण्णाकडं बघायला लागली, अण्णा भज्जीकडं.

“असंल कुणीतरी,” अण्णा शेवटी म्हणाला. “साठ किलोचं धर.”

“साठच का?”

“साधारन,” म्हणून तो उठायला लागला. मी किंचाळले, तो पुन्हा बसला. मग शेजाऱ्याकडून तुरीचं पोतं आणवलं, साठ किलो मोजून, आणि त्या पानामागं ठेवलं. बाकीच्यांच्या वेळा ठरलेल्या होत्या, म्हणून ते शेवटचं धरलं. वहिनी वाढत आली. पोत्यापुढं थांबली, आणि सवयीनं त्याच्याही पानात भज्जी वाढून पुढं गेली. सगळे हसले. मीही हसले.

नंतरचे आठ दिवस मी एकेक माणूस नोंदीतून वजा करत होते. आत्या गेली, तेव्हा निम्मा हेलकावा गेला. जावई गेले, अण्णा गेला, अप्पा तर कधी गेले ते कळलंही नाही. रेघ शांत होत आली. पण जिथं डोंगराचा डोल यायला हवा, नेमक्या त्याच मिनिटाला सगळं पुन्हा वेडंवाकडं व्हायचं. जणू काही तिथं माझी बेरीज कुणीतरी लाथाडत होतं. माझ्या हिशेबात सतरावा माणूस नेमका त्याच मिनिटाला बसत होता. मी त्याची वेळ मागंपुढं करून बघितली, वजन कमीजास्त करून बघितलं. काही जमेना. मुदतीला तीन आठवडे उरले होते. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि निर्ण्याला गेले.

सकाळची वेळ होती. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तूर पाखडत होती, अण्णा बाहेर निघाला होता.

“वहिनी, आता खरं सांगा,” मी म्हणाले. “आत्याच्या उजवीकडं कोण होतं? तुम्ही कुणाला लपवायलाय? हे चुकलं तर माझा प्रबंध गेला.”

वहिनीनं सूप खाली ठेवलं. “कुणी न्हवतं, ताई.”

“मग पान कुणाचं?”

“तुमचं की.”

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, “मी कुठं आले होते?”

“आला न्हाई म्हनूनच मोकळं. दरसाली मांडताव. आत्या मनत्यात, येईल मधीच, पोरगी भुकेजल्याली असंल.” ती सूप पुन्हा हातात घेऊन म्हणाली, “तुमी पानं किती विचारलाव. मी पानं सांगितलाव.”

“आणि मग ते वाढलेलं?”

“गाईला घालताव,” दारातून अण्णा म्हणाला. “आठ साल झालं, तुझ्या नावाचं गाय जेवायलीया.” तो हसत होता, म्हणून मीही हसायला गेले. मला ते जमलं नाही. अण्णानं पोत्यासाठी साठ किलो का सांगितले तेही मला तेव्हा कळलं. त्या रविवारी काट्यावर सगळे चढले होते, फक्त मी चढले नव्हते. माझं वजन साठच आहे.

मी तिथंच उंबऱ्याला टेकून लॅपटॉप मांडीवर उघडला. तक्त्यात सतरा ओळी होत्या. शेवटच्या ओळीत, आत्याच्या उजव्या हाताला, साठ होते. मी ते खोडून शून्य भरलं आणि कळ दाबली. रेघ एकदा हलली आणि सपाट झाली. मग त्या सपाट रेघेवर, अगदी ठरल्या मिनिटाला, चार संथ डोल उठले. एकामागून एक, स्वच्छ. आठ वर्षं मी ज्याची वाट बघितली तो डोंगर समोर घसरत होता.

“सापडला का?” वहिनीनं विचारलं.

“सापडला,” मी म्हणाले. पण मी बघत होते ते सतराव्या ओळीतल्या शून्याकडं.